लेकीच्या पिचिंगला कॅचर म्हणून बसणारे आईबाबा: फास्टपिच सॉफ्टबॉलचा धागा

रानवारा

कालपासून उजव्या हाताचा अंगठा सुजलाय. एक्स-रे काढला, मोडलेला नाही. पण या निमित्ताने बरेच दिवस मनात असलेला धागा काढतो.

आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. लेक ११ वर्षांची, दोन वर्षं सॉफ्टबॉलमध्ये पिचिंग करते, म्हणजे फलंदाजाकडे खालून हात फिरवून चेंडू टाकते. ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगतो: पिचिंगचा कोच आठवड्यातून एकदा अर्धा तास भेटतो. बाकी दिवस घरी सराव, आणि सरावाला समोर कोणीतरी कॅचर म्हणून, म्हणजे आपल्याकडच्या कीपरसारखं, बसावं लागतं. ते कोणीतरी म्हणजे घरातलंच माणूस. आमच्याकडे मी. झाकणाला गादी लावलेली एक बादली मिळते, आत चेंडू ठेवायचे आणि वर आपण बसायचं. आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी ड्राइव्हवेच्या एका टोकाला मी त्या बादलीवर आणि दुसऱ्या टोकाला ती.

सांगलीत कॉलेजच्या टीमसाठी मी चार वर्षं कीपिंग केलं आहे. त्यामुळे सुरुवातीला वाटलं होतं की हे आपल्याला जमेलच. दहा वर्षांखालच्या गटात जमलंही. तिथे ३५ फुटांवरून ११ इंची चेंडू असतो आणि मुली लहान. या ऑगस्टमध्ये ती बारा वर्षांखालच्या गटात गेली. आता ४० फूट आणि १२ इंची चेंडू. हे इंच म्हणजे परीघ. आपल्या क्रिकेटच्या चेंडूचा परीघ ९ इंचांच्या आसपास आणि वजन साधारण १६० ग्रॅम. हा १८०-१९० ग्रॅमचा. नावात सॉफ्ट असलं तरी हाताला लागतो तेव्हा दगडासारखाच लागतो.

आणि वेग. रडारवर तिचा चेंडू ताशी ४५ मैल येतो. म्हणजे ७२ किलोमीटर, ऐकायला काहीच वाटत नाही. पण चेंडू हातातून सुटतो तेव्हा ती पाऊल टाकून पाच-एक फूट पुढे आलेली असते. उरलेले ३५ फूट तो अर्ध्या सेकंदात कापतो. क्रिकेटमध्ये ताशी १४० किलोमीटरने टाकलेल्या चेंडूला फलंदाजापर्यंत यायला साधारण एवढाच वेळ लागतो. आणि मी कीपरसारखा पंधरा पावलं मागे नाही, थेट समोर बसलोय.

काल तिने ड्रॉप बॉल टाकला. शेवटच्या पाच फुटांत खाली गेला, ड्राइव्हवेवर आपटला आणि उघड्या अंगठ्यावर आला. ती धावत आली, रडायलाच लागली. त्यानंतर टाकायला तयार नव्हती. मला अंगठ्यापेक्षा त्याचं जास्त वाईट वाटलं. पुढचे दहा चेंडू तिने मुद्दाम हळू टाकले.

तर विचारायचं आहे: तुम्ही काय घालता, कुठे बसता, किती चेंडू घेता? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, बोलता किती? कारण दोन आठवड्यांपूर्वी तिने मला सांगितलं, "बाबा, तू फक्त कॅच कर." ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

खारीचा_वाटा

रानवारा, आधी बर्फ लावा आणि आठवडाभर सुट्टी घ्या. खरंच घ्या.

मी न्यू जर्सीत. चार वर्षं मी कॅच करते आहे. नवऱ्याची नोकरी फिरतीची, आणि मी आयुष्यात कधी चेंडू धरला नव्हता. शाळेत खोखो खेळायचे तेवढंच. पहिल्या महिन्यात नडग्यांवर इतके काळेनिळे डाग होते की ऑफिसात एका मैत्रिणीने मला बाजूला घेऊन, घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारलं. त्यानंतर मी ठरवलं की संकोच बाजूला ठेवायचा आणि कॅचरचं पूर्ण सामान घ्यायचं.

मास्क पहिल्या दिवसापासून हवा. "दहा वर्षांची तर आहे" म्हणून बिनमास्कचे बसलेले बाबा मी दर शनिवारी बघते आणि जाऊन सांगते. शिन गार्ड हवेतच, आणि पायाच्या बोटांवरून येणारी पट्टी असलेले घ्या, कारण ड्रॉप बॉल नेमका तिथे येतो. छातीला प्रोटेक्टर. पुरुषांनी क्रिकेटमध्ये घालतात तो गार्ड घालावाच. साधा ग्लव्ह वापरत असाल तर तो बाजूला ठेवा आणि कॅचरचं मिट (जाड गादीचा हातमोजा) घ्या, सॉफ्टबॉलचंच, ३३ किंवा ३४ इंची. बेसबॉलच्या मिटचा खिसा लहान असतो, १२ इंची चेंडू त्यात बसत नाही, उडून बाहेर येतो. नवीन मिट लाकडासारखं कडक असतं. चेंडू आत ठेवून पट्ट्याने बांधायचं आणि रोज थोडं थोडं वापरायचं, महिन्याभरात मऊ पडतं. आत पातळ बॅटिंग ग्लव्ह घातला की तर्जनीच्या मुळाशी बसणारा मार बराच कमी होतो.

आणखी एक, जे मला कोणी सांगितलं नव्हतं. प्रत्येक चेंडू परत फेकू नका. शंभर चेंडू आले तर शंभर थ्रो होतात, आणि आपल्या वयात खांदा पहिला जातो. तिच्या शेजारी दुसरी बादली ठेवा, वीस चेंडू तिच्याकडे. वीस झाले की दोघींनी मिळून गोळा करायचे. आमच्या निम्म्या गप्पा त्या गोळा करण्यात होतात. शाळा, मैत्रिणी, जे जेवणाच्या टेबलावर कधी निघत नाही ते सगळं.

हिवाळ्यात आम्ही शाळेच्या जिममध्ये जातो. लाकडी जमिनीवर चेंडू मातीपेक्षा फार वेगाने उसळतो, तिथे विशेष सांभाळा.

अंबानगरी

धागा पाहून इतकं बरं वाटलं! मी अमरावतीची. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानावर सॉफ्टबॉल शिकले, विद्यापीठापर्यंत खेळले, पिचरच होते. अमरावती-जळगावकडे हा खेळ किती मनापासून खेळला जातो ते पुण्या-मुंबईकडच्यांना सांगूनही पटत नाही.

आमच्या वेळी कॅच करायला आईवडील नव्हते. बाबांना हा खेळ म्हणजे काय तेच शेवटपर्यंत कळलं नाही. "तो तुझा बेसबॉल" म्हणायचे. टीमला मिळून एकच कॅचरचं मिट, ते सरांच्या कपाटात. घरी मी अंगणातल्या भिंतीवर खडूने चौकोन काढून टाकायचे. भिंत चेंडू परत देते, पण तो कसा आला ते सांगत नाही. म्हणून तुम्ही बादलीवर बसता याची किंमत मला फार आहे.

रानवारा, तुमचा अंगठा कीपिंगच्या सवयीने दुखावला आहे, असं मला नक्की वाटतं. कीपर दोन्ही हात एकत्र आणतो. इथे उघडा हात चेंडूच्या जवळपासही नको. उजवा हात मुठीत मिटून घोट्यामागे किंवा पाठीमागे न्यायचा, अंगठा मुठीच्या आत. मला पहिले पंधरा दिवस सरांनी हात ओढणीने कमरेला बांधायला लावला होता, कारण तो आपोआप पुढे यायचा.

दुसरी सवय जास्त खोल असते. कीपर चेंडूबरोबर हात मागे घेतो, आवाज न करता चेंडू पोटात घेतो. तीच चांगल्या कीपरची खूण. कॅचरने उलट करायचं. चेंडू जिथे आला तिथे मिट थांबलं पाहिजे, आणि चेंडू खिशात बसला की फाड्‌ असा आवाज आला पाहिजे. तो आवाज पिचरसाठी आहे. चेंडू बरोबर सुटला हे तिला हातात जाणवतं, आणि त्या आवाजाने ते पक्कं होतं. तुम्ही दोन वर्षं तिचे चांगले चेंडू मऊ हातांनी गिळत असाल, तर तिला तो आवाज मिळालाच नसेल.

रानवारा

अंबानगरी, हे वाचून मी दोन मिनिटं गप्प बसलो. अगदी असंच करतोय मी. तिने एकदा विचारलंही होतं, "तुझ्या ग्लव्हमधून आवाज का येत नाही? कोचच्या येतो." मी म्हणालो होतो, कारण बाबा नीट पकडतो.

अजून एक चूक आता कबूल करतो. सुरुवातीला मी तिला सांगत होतो, हात सरळ ठेव, कोपर वाकवू नकोस. आपल्या डोक्यात बोलिंग म्हणजे ताठ हात, वाकला की थ्रो. तिच्या कोचने मला बाजूला घेऊन शांतपणे समजावलं की विंडमिलमध्ये, म्हणजे हात पूर्ण गोल फिरवून टाकताना, तो काठीसारखा ताठ फिरवायचा नसतो. कोपर किंचित सैल, खाली येताना हात चाबकासारखा, बाहूचा आतला भाग कमरेला घासून जातो आणि मग मनगट सुटतं. ती तीन महिने कोचचं ऐकू की बाबाचं ऐकू यात अडकली होती.

दूरचा_दिवा

प्रोग्रेसिव्ह चष्मा असलेल्यांसाठी एकच मुद्दा. त्या काचेचा खालचा भाग जवळचं वाचायला असतो. चेंडू गुडघ्याच्या उंचीवर आला की नजर त्या भागातून जाते आणि चेंडू ऐन शेवटी धूसर होतो. मला वाटत होतं माझं वय झालं. डोळ्यांच्या डॉक्टरांना हे सांगितल्यावर त्यांनी फक्त लांबच्या नंबरचा, न फुटणाऱ्या काचेचा वेगळा चष्मा करून दिला. मास्कखाली बसतो. पहिल्याच दिवशी फरक पडला.

आणि सूर्य मावळल्यावर थांबा. चेंडू पिवळा असला तरी तिन्हीसांजेला तो दिसेनासा होतो. "शेवटचे पाच" म्हणून ताणू नका.

मधुमालती

मी थोडं वेगळं लिहिते, राग मानू नये.

आमच्याकडे हे सगळं करून झालं. नवरा कॅच करायचा. वर्षभरात बापलेकीत बोलणं उरलं नाही. प्रत्येक सराव भांडणात संपायचा. तो म्हणायचा, मी एवढा ऑफिसमधून धावत येतो आणि ही तोंड वाकडं करते. ती म्हणायची, बाबा प्रत्येक बॉलला काहीतरी बोलतो. तेराव्या वर्षी तिने खेळ सोडला. आता ती सोळाची आहे, आणि अजूनही गॅरेजमधल्या त्या बादलीकडे दोघंही बघत नाहीत.

मला वाटतं आईबापांनी यात पडूच नये. जाळी मिळते, मध्ये स्ट्राइक झोनचा (बरोबर चेंडू जिथून जायला हवा त्या चौकोनाचा) खिसा असलेली. ती आणून द्यावी आणि मुलीला तिचं तिला करू द्यावं. किंवा टीममधल्या कॅचर मुलीला बोलवावं. आपण आपलं नातं का पणाला लावायचं?

खारीचा_वाटा

मधुमालती, वाचून वाईट वाटलं. तुमचं म्हणणं मी खोडत नाही. जाळी आमच्याकडेही आहे. स्नॅपचा सराव, पायाच्या जोराचा सराव, हे सगळं जाळीत छान होतं. पण जाळीला चेंजअप कळत नाही. चेंजअप म्हणजे तोच हात, तोच वेग दिसायचा आणि चेंडू मात्र मागे रेंगाळायचा. तो फसवतो का, हे समोर बसलेल्या माणसालाच कळतं. मी फसून पुढे झुकले की माझी लेक जी हसते!

सांधेजोड

फिजिओथेरपिस्ट आहे, अशा मुली नियमित येतात. एका गैरसमजाबद्दल लिहितो, कारण तो इथे अमेरिकन आईबाबांतही खोल आहे: अंडरआर्म टाकणं नैसर्गिक, म्हणून कितीही टाकलं तरी खांद्याला काही होत नाही.

हे खरं नाही. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमधल्या पिचर्सचं चित्रीकरण करून मोजमाप केलं गेलं, तेव्हा खांद्याला सांध्यातून बाहेर ओढणारं बळ सरासरीने शरीराच्या वजनाच्या ८० टक्क्यांच्या आसपास भरलं. बेसबॉलच्या पिचरवर येणाऱ्या ताणाच्याच जातीचं हे काम आहे. हात खाली येताना दंडाच्या पुढच्या स्नायूला, बायसेप्सला, तो ओढा थोपवावा लागतो. त्यामुळे या मुलींची तक्रार बहुतेक वेळा खांद्याच्या पुढच्या बाजूला असते. "इथे दुखतं" म्हणून ती बोट ठेवते तिथेच.

आणि यात कॅच करणारे आईबाबा फार मोलाचे असतात. चेंडू दमला की सगळ्यात आधी तुम्हाला कळतं. एरवी गुडघ्यावर येणारे चेंडू वर राहायला लागतात, किंवा हात कमरेपासून लांब जातो. तिथे थांबायचं. आकडा पूर्ण करायचा म्हणून नाही टाकायचं. शनिवार-रविवार स्पर्धेत चार-पाच सामने टाकले असतील तर सोमवारी बादली बाहेर काढू नका. वर्षात दोन-तीन महिने पिचिंग पूर्ण बंद, त्या काळात पोहणं, पळणं, दुसरा कुठलाही खेळ.

आईबाबांच्या गुडघ्यांविषयी: चाळिशीनंतर उकिडवं बसून सत्तर-ऐंशी चेंडू घेणं बंद करा. बादली कमी पडत असेल तर जरा उंच स्टूल घ्या. खाली येणारा चेंडू उठून पकडायला जाऊ नका. मिट जमिनीला टेकवा, हनुवटी खाली, तो अंगावर घ्या, सामान त्यासाठीच आहे.

अंबानगरी

मधुमालती ताई, तुमच्या लेकीबद्दल वाचून पोटात तुटलं. पण आईबाप यात असूच नयेत असं नाही हो. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या अमेरिकन टीमची पिचर जेनी फिंच, तिला लहानपणी पिचिंग शिकवलं ते तिच्या वडिलांनीच. हात फिरवण्याच्या व्यायामाचं एक यंत्रही त्यांनी बनवलं. तेव्हा प्रश्न आईबाप असण्याचा नाही, बोलण्याचा आहे. रानवाराच्या लेकीने नेमकं तेच सांगितलं आहे.

आमचे सर कॅच करताना एक अक्षर बोलायचे नाहीत. चेंडू कुठे आला तिथे मिट क्षणभर धरून ठेवायचे. बस. बाहेर गेला तर बाहेर धरलेलं दिसायचं, कुठे चुकलं ते मला दिसायचं. वीस चेंडू झाले की विचारायचे, "तुला काय वाटलं?" आधी मी सांगायचे, मग ते.

चेंडूची शिवण बघायला शिका, रानवारा. ड्रॉप बॉल पुढच्या दिशेने गडगडत आला पाहिजे, लाल टाके वरून खाली फिरताना दिसतात. टाके तिरपे फिरताना दिसले तर चेंडू खाली न जाता बाजूला जाणार. हे तिला तिथून दिसत नाही, फक्त तुम्हाला दिसतं. ती विचारेल तेव्हा "तिरपा फिरला" एवढंच सांगा. का फिरला, ते तिचं आणि कोचचं.

पिवळा_चेंडू

नेहमी वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय. मराठी टायपिंगच्या चुका माफ करा. मी २२ वर्षांची आहे, शिकागोजवळ वाढले, हायस्कूलच्या चारही वर्षी पिचर होते. कॅच करायला माझा बाबा होता.

पिचरच्या बाजूने सांगावंसं वाटलं.

तिथून फक्त मिट दिसतं. हात फिरतो तेव्हा सगळं धूसर असतं, एक मिट स्थिर असतं. बाबाला सुरुवातीला चेंडूची भीती वाटायची, मग मिट आधीच हलायचं. मी हलत्या मिटकडे टाकायचे आणि मग चेंडू कुठेही जायचा. आम्हा दोघांनाही कळत नव्हतं की माझा कंट्रोल का जातोय. ज्या दिवशी त्याने पूर्ण सामान घातलं, त्या दिवशी मिट हलायचं थांबलं आणि माझा कंट्रोल परत आला. म्हणून रानवारा काका, सामान तुमच्यासाठी नाही, तिच्यासाठी घ्या. ती हळू टाकते आहे कारण तिला तुम्हाला लागण्याची भीती आहे. तुम्ही सुरक्षित आहात हे तिला दिसलं पाहिजे.

बोलण्याबद्दल आमचा नियम होता. कोणता पिच टाकायचा ते मी ठरवणार. मी सांगायचे, "बाहेरचा ड्रॉप", तो तिथे मिट ठेवायचा. तो चुकूनही म्हणायचा नाही की चेंजअप टाक. कधीकधी मला शाळेतलं काहीतरी झालेलं असायचं आणि मी पंधरा मिनिटं नुसते जोरात फास्टबॉल टाकायचे. तो सगळे घ्यायचा. विचारायचा नाही. घरात जाताना बादली तो उचलायचा आणि माझी बॅगही.

अकरावीत माझा वेग ६० मैलांच्या जवळ गेला. ४३ फुटांवरून म्हणजे सुमारे ०.४ सेकंद. एक राइज बॉल (वर चढतोय असा वाटणारा चेंडू) त्याच्या मास्कला लागला, मास्क वाकला. त्याला काही झालं नाही. पण त्या रात्री त्याने आईला सांगितलं की आता माझ्याच्याने होणार नाही. मला समोर येऊन सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून टीमची कॅचर यायला लागली आणि बाबा कुंपणाबाहेर उभा राहायला लागला. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं. आता त्याच्या डाव्या तर्जनीचं जाड झालेलं पेर बघितलं की वेगळं वाटतं. गेल्या नाताळात घरी गेले होते तेव्हा गॅरेजमधून बादली काढली आणि म्हटलं, बस. तीस चेंडू टाकले, हळूच. त्याने सगळे आवाज करून घेतले.

मधुमालती

पिवळा_चेंडू, तुझी पोस्ट नवऱ्याला वाचून दाखवली. तो काही बोलला नाही, उठून बाहेर गेला. थोड्या वेळाने मला विचारलं, ती पूर्ण वाच परत.

रानवारा

तीन आठवड्यांनी लिहितोय. अंगठा बरा आहे.

३४ इंची मिट घेतलं, शिन गार्ड, मास्क, प्रोटेक्टर सगळं. पहिल्या दिवशी सगळं घालून बसलो तर ती माझ्याभोवती फिरून बघून गेली, प्रोटेक्टरवर मूठ मारून पाहिली, आणि मग जागेवर जाऊन जे टाकायला लागली! उजवा हात मुठीत मिटून मागे ठेवतो. अजून दहातल्या तीन वेळा पुढे येतो. अंबानगरी, ओढणीचा उपाय केला आहे, इलॅस्टिकच्या पट्ट्याने.

आणखी एक गोष्ट सापडली. सहज टेप लावून अंतर मोजलं. आमच्या ड्राइव्हवेवरची खडूची रेघ ४० फुटांवर नव्हती, ३७ वर होती. ऑगस्टमध्ये मीच पावलांनी मोजून काढली होती. शिवाय तिच्या बाजूला चढ आहे, म्हणजे ती उतारावरून टाकत होती. सामन्यात तिचे चेंडू आखूड का पडतात यावर मी दोन महिने तिला सल्ले देत होतो. तिला हे सांगितलं, माझं चुकलं म्हणालो. आता जवळच्या पार्कात सपाट मैदानावर जातो, टेप सोबत असते, रेघ तीच काढते.

बोलण्याचं: वीस चेंडू होईपर्यंत मी गप्प. पहिल्या दिवशी नऊ चेंडूंनंतर तोंडातून निघालंच. तिने फक्त बोट वर केलं. काल वीसच्या वीस झाले. गोळा करताना तिने विचारलं की २०२८ च्या ऑलिंपिकचं सॉफ्टबॉल लॉस एंजेलिसला नसून ओक्लाहोमा सिटीत आहे, ते आपल्यापासून किती लांब? म्हटलं, गाडीने तीन-साडेतीन तास. मग तिने विचारलं, आज आवाज येत होता का तुला? मला तिथून येत होता.

सांधेजोड, या आठवड्यात तिची स्पर्धा आहे, तेव्हा सोमवारी सुट्टी. मंगळवारी ती चेंजअप टाकणार म्हणाली आहे. त्यासाठी मिट नेमकं कुठे धरायचं, कोणी सांगेल का?